आमच्या शेडमधली सुटी जीप

जीप आमच्या घरी आली तेव्हा ती चालत होती. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण नंतर ज्यांनी ज्यांनी ती पाहिली त्यांना वाटायचं, आम्ही ती कुठल्यातरी उकिरड्यावरून उचलून आणली. तसं नव्हतं. माझे यजमान, ॲडव्होकेट रघुनाथ टिपणीस, यांनी ती माणगावच्या एका कंत्राटदाराकडून घेतली आणि स्वतः चालवत पेणला आणली. अंगणात वळवली, हॉर्न वाजवला, आळीतली पोरं गोळा झाली. मी ताम्हन घेऊन ओवाळायला बाहेर आले. साहेबांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि चेहरा गंभीर करून म्हणाले, "कुठंतरी बारीक खरखर येतेय. उघडून बघायला हवं."

ते उघडणं आठ वर्षं चाललं.

वकिलाच्या घरात कुठलीही गोष्ट तारखेवर ढकलता येते. पेणच्या कोर्टात यांची वकिली बेताचीच, भाऊबंदांच्या वाटण्या आणि बांधावरची भांडणं एवढीच. तिथे पक्षकाराला जसं 'पुढच्या तारखेला नक्की' म्हणून सांगायचे, तसंच घरी मला. उन्हाळ्यात म्हणायचे, पावसाळ्यात कोर्टाचं काम कमी असतं, तेव्हा निवांत जोडतो. पावसाळ्यात म्हणायचे, या दमट हवेत रंग धरत नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी व्हायची, पण तेव्हा कुठलासा बोल्ट मिळायचा नाही, आणि तो बोल्ट मिळेपर्यंत बाकी कशालाही हात लावणं म्हणजे पाप.

घराच्या बाजूला सासऱ्यांनी भात ठेवायला पत्र्याची मोठी शेड बांधली होती. जीप तिथं होती. म्हणजे चासी, गाडीचा सांगाडा, विटांवर होती, इंजिन एका लाकडी स्टुलावर, सीट माळ्यावर. मांजरीने दोन वेळा त्या सीटवर पिल्लं घातली. स्टिअरिंग खिळ्याला टांगलेलं. बॉनेट गच्चीवर होतं, त्यावर मी दर वर्षी आंबोशी वाळवत असे, आणि खरं सांगायचं तर त्या गाडीचा तेवढाच भाग कामाला आला. बारीकसारीक सामान रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेलं असे, आणि रॉकेल माझ्या लोणच्याच्या बरण्यांत. विचारलं तर म्हणायचे, "अगं, चिनी मातीला रॉकेलचा वास राहत नाही." राहतो. पुढच्या वर्षीचं लोणचं कोणी खाल्लं नाही.

धाटावच्या एका कंपनीतल्या पक्षकाराने यांना निळा डगला दिला होता, कामगार घालतात तसा, खिशावर कंपनीचं नाव असलेला. रविवारी सकाळी तो घालून साहेब शेडमध्ये जात. मी चहा घेऊन गेले की खुर्चीत बसून जाडं इंग्रजी पुस्तक वाचताना दिसत. डगल्याला आठ वर्षांत डाग पडला असेल तर तो चहाचा. पाहुणे आले की त्यांना आधी शेडमध्ये नेत. "रिस्टोरेशन म्हणजे दुरुस्ती नव्हे," असं सुरू होई. पाहुणे माना डोलवत, घड्याळाकडे बघत, आणि निघताना माझ्याकडे अशा नजरेने पाहत, जणू घरात कोणी आजारी आहे.

एवढं सगळं मी सोसलं. मग एका दुपारी जेवताना ते म्हणाले, "रोह्याला एक जीप आहे. अगदी हेच मॉडेल. नुसती पडून आहे बिचारी."

मी वाढता वाढता थांबले. "मग?"

"ती आणली की तिचे पार्ट काढून ही पूर्ण करता येईल."

"म्हणजे तीसुद्धा खोलणार?"

"अर्थात. खोलल्याशिवाय कळणार कसं?"

मी भाताचं पातेलं खाली ठेवलं. "आधी ही विका," मी म्हणाले. "मग दुसरी आणा, तिसरी आणा, पाहिजे तर रोह्याच्या स्टेशनातलं इंजिन आणून खोला. पण ही या घरातून गेल्याशिवाय एक चाकसुद्धा आत येणार नाही."

बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग एकदा आपणहून म्हणाले, "विकू या." मला वाटलं माझं ऐकलं. छे. कुठल्याशा इंग्रजी मासिकात त्यांनी वाचलं होतं की परदेशात अशा गाड्या काय भावाला जातात. त्या भावाने हिशेब मांडून ते खुशीत आले होते. परदेशातली गाडी जोडलेली होती, हा फरक त्यांना किरकोळ वाटला.

मुंबईच्या पेपरात जाहिरात दिली. मजकूर स्वतः लिहिला, आणि मुलगी द्यायची असल्यासारखा लिहिला. 'जुन्या जमान्यातील दुर्मीळ जीप, मूळ भागांसह. रसिक व कदरदान व्यक्तींनीच संपर्क साधावा. भंगारवाले, दलाल व टवाळखोर यांनी तसदी घेऊ नये.'

पहिल्यांदा आला तो पोपट भंगारवाला.

"जाहिरातीत आमचा उल्लेख हाय म्हणून आलो," तो म्हणाला. शेडमध्ये शिरला, एक चक्कर मारली आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "वकीलसाहेब, ह्याच्यात गाडी कंची?"

साहेबांनी त्याला फाटकापर्यंत हाकललं. मला तो माणूस आवडला. आठ वर्षांत शेडमध्ये इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता.

नंतर मुंबईहून एक फोन आला आणि साहेबांचा रंगच पालटला. सुश्रुत चौबळ नावाचे गृहस्थ, जुन्या गाड्यांचे शौकीन, रविवारी येतो म्हणाले. शनिवारी मी शाळेतून आले तर अंगणभर माझ्या पांढऱ्या चादरी पसरलेल्या. मी इथल्या प्राथमिक शाळेत शिकवते, घरी येऊन निवांत पाठ टेकावी म्हटलं तर पलंग उघडा. चादरींवर जीप मांडली होती. एकेक नट, एकेक नळी, रुखवतासारखी.

"लग्न कुणाचं आहे?" मी विचारलं.

"पहिली छाप महत्त्वाची असते," ते म्हणाले.

सुश्रुत चौबळ काचा बंद केलेल्या थंडगार गाडीतून आले. पस्तिशीचा माणूस, अर्धी विजार, पांढरे बूट. त्यांनी कशाला हात लावला नाही. हातातल्या किल्लीने दाखवत चालले. "हे काय? आणि हे?" साहेब मागोमाग, निळ्या डगल्यात, प्रत्येक भागाचं कुळ आणि मूळ सांगत. मी ओटीवर बसून तांदूळ निवडत होते.

एका चादरीपाशी सुश्रुत थांबले. "हे जीपचं नाही."

"नाही कसं? हे गिअरबॉक्सच्या..."

"हे पाण्याच्या पंपाचं आहे. विहिरीवरच्या."

मी उठून गेले. खरंच आमच्या पंपाचं झाकण होतं. ते हरवलं म्हणून आम्ही दोन उन्हाळे टँकर मागवला होता, आणि साहेबांनी ते रॉकेलने धुऊन, घासून, चकचकीत करून जीपचं म्हणून जपून ठेवलं होतं. मी हसले. मोठ्याने हसले, आळीत ऐकू गेलं असेल.

सुश्रुतही हसले, पण ते वेगळं होतं. त्यांनी बुटाच्या टोकाने स्टिअरिंग जरा बाजूला सारलं आणि म्हणाले, "हे पाहा टिपणीस, हे सगळं म्हणजे कचरा आहे. पण डॅशबोर्डवरची पितळी पाटी आहे का तुमच्याकडे? नंबराची?"

साहेबांनी खिशातून काढली. खिशातच होती.

"एवढी मला द्या. माझी एक गाडी तयार आहे, तिला पाटी नाही. चांगले पैसे देतो. बाकीचं ठेवा तुम्ही."

मला वाटलं, साहेब चिडतील. पण ते पाटीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "विचार करायला हवा."

तेव्हा मात्र माझं डोकं सणकलं. कोर्टात लोकांच्या जमिनीसाठी भांडणारा हा माणूस, आणि स्वतःच्या गाडीचं नाव उपटून दुसऱ्याच्या गाडीला लावायला विचार करतोय! मी म्हणाले, "विचार बिचार काही नाही. घ्यायचं तर सगळं घ्या. चादरी सोडून."

"मॅडम, एवढं सगळं घेऊन मी करू काय?" सुश्रुत म्हणाले.

"आम्ही आठ वर्षं जे केलं तेच. बघत बसा."

ते गेले. चहासुद्धा घेतला नाही. साहेबांनी खाली वाकून ते स्टिअरिंग उचललं, जिथे बूट लागला होता तिथे आपल्या रुमालाने पुसलं, आणि मला म्हणाले, "तू हसलीस म्हणून गेला." त्या रुमालाचंही मला हसू येत होतं. पण ते मी बाहेर येऊ दिलं नाही.

यानंतर पुंडलिक यायला लागला. पुंडलिकचा आमच्या मागच्या गल्लीत गणपतीचा कारखाना. जागा अगदी अपुरी. मूर्ती सुकायला रस्त्याच्या कडेला मांडायचा आणि गाड्यांच्या धुळीच्या नावाने बोटं मोडायचा. तो जीप बघायला म्हणून आला. साहेबांनी त्याला चासी दाखवली, तर तो वर बघत होता.

"पत्रा गळतो काय साहेब?"

"एक थेंब नाही," साहेब म्हणाले. "गंज येईल ना."

"आन् दुपारचं ऊन कवापर्यंत असतं हितं?"

"तीननंतर नाही. रबराला ऊन चालत नाही."

"दमट? भितीला ओल?"

"अहो, म्हणून तर सगळं विटांवर ठेवलंय!"

असं अर्धा तास चाललं. पुंडलिक गेल्यावर साहेब हर्षभरित होऊन आत आले. "जीपची इतकी काळजी करणारा पहिला माणूस भेटला मला. याला द्यायला हरकत नाही."

दुसऱ्या दिवशी पुंडलिक मागच्या दाराने माझ्याकडे आला. "बाई, त्या लोखंडाचं काय ते तुमी बघा. मला शेड पायजे. भाड्यानं. गुढीपाडव्यापासून. भाडं महिन्याच्या महिन्याला तुमच्या हातात."

मी तिथल्या तिथे हो म्हटलं. आठ वर्षं शेडची किंमत आतल्या सामानात आहे असं आम्ही समजत होतो, आणि ती पत्र्यात होती.

साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांना आधी कळलंच नाही. "म्हणजे तो जीप घेत नाही?"

"नाही. तो शेड घेतोय."

"मग जीप?"

"अंगणात."

"पावसात?"

"पाऊस यायला अजून वेळ आहे. विका."

त्या दिवसापासून आमची जीप खऱ्या अर्थाने विकायला निघाली. रसिक आणि कदरदान ही अट गेली. भाव तर असा उतरला की मी तो सांगत नाही, आमच्या घराण्याची लाज आहे.

विशाल आणि मृणाली आले ते रोह्याहून, मोटरसायकलवर. विशाल धाटावच्या एका केमिकल कंपनीत इंजिनीअर, शिफ्टची नोकरी. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. मृणालीच्या हातातला हिरवा चुडा अजून भरलेला होता. विशाल शेडमध्ये शिरला, खिळ्यावरचं स्टिअरिंग काढलं आणि तिथेच उभा राहून ते हवेतल्या हवेत डावीकडे उजवीकडे फिरवू लागला. तोंडाने काही आवाज काढत नव्हता, पण काढायच्या बेतात होता. हा आजार मी ओळखते.

साहेबांनी त्याची तोंडी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. मी मृणालीला स्वयंपाकघरात घेऊन आले, कोकमाचं सरबत दिलं.

"काकू, जोडायला किती दिवस लागतील हो?" तिने विचारलं. "हे म्हणतात, दिवाळीपर्यंत होईल."

मला ती जीप घरातून घालवायची होती. तोंड मिटून बसले असते तर त्याच दिवशी गेली असती. पण ती पोर समोर बसली होती, पेल्याच्या कडेला ओठ लावून, आणि मला राहवेना.

"हे बघ मृणाली," मी म्हणाले, "मला ही विकायची आहे, तरी तुला सांगते. घेऊ देऊ नकोस. आठ वर्षं झाली. आमच्या घरात रविवार नाही, बरण्या नाहीत, पाहुणे येत नाहीत. हा माणूस वाईट नाही, पण त्याला जोडायची नाहीये. खोललेली बघायला आवडते. आणि तुझा नवरा आता स्टिअरिंग हातात धरून जसा उभा आहे ना, तसाच हा पहिल्या दिवशी उभा होता."

तिने पेला खाली ठेवला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाली, "काकू, राग मानू नका. पण तुम्ही काकांना कधी मदत केलीत का?"

"मी? कसली मदत?"

"नाही, म्हणजे काकांनी एकट्याने किती जपून ठेवलंय सगळं. माणसाला कोणी सोबत असलं की होतं. आमच्याकडे मी आहे ना."

आणि तिने माझ्याकडे बघितलं. कीव होती तिच्या डोळ्यांत, आणि कीवेच्या मागे सरळसरळ तुच्छता. असा नवरा, अशी हौस, आणि अशी कडवट बायको, म्हणून गाडी झाली नाही. सगळा उलगडा तिला एका पेल्यात झाला होता. पंचवीस वर्षं संसार केलेल्या मला लग्नाला वर्षही न झालेली मुलगी संसार शिकवत होती.

"बरं," मी म्हणाले. "मग घेऊन जा. एक वॉशरसुद्धा मागे ठेवू नका."

पुढच्या रविवारी विशाल टेम्पो घेऊन आला. सामान भरायला दुपार झाली. साहेब डगला न घालता, पांढऱ्या सदऱ्यात पायरीवर बसले होते. हमालांना सांगत होते, हळू, हळू, ते उलटं धरू नका. हमाल उलटंच धरत होते. चासी चढवताना फाटकाच्या खांबाला घासली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. टेम्पो सुरू झाला, मग खिशातून पितळी पाटी काढून विशालकडे गेले. ती त्याच्या हातात ठेवली, पण बोटं लगेच सोडली नाहीत. विशाल म्हणाला, "काका, नीट लावीन." तेव्हा सोडली.

मला वाटलं होतं, टेम्पो गेल्यावर मी देवापुढे साखर ठेवीन. प्रत्यक्षात मी बरण्या घासत बसले. तीन पाण्यांनी घासल्या, आणि शेवटी फेकून दिल्या.

पाडव्याला पुंडलिकने शेडमध्ये फळ्या मारल्या. महिनाभरात तिथे नुसत्या पांढऱ्या मूर्तींच्या रांगा. साहेब रोज सकाळी तिथे जाऊन उभे राहू लागले. थोड्याच दिवसांत सोंडेचं वळण कसं असावं, रंगाचे हात किती द्यावेत, हे पुंडलिकच्या माणसांना सांगू लागले. ती माणसं "व्हय साहेब" म्हणायची आणि आपल्याला हवं ते करायची. पुंडलिकने मला एकदा विचारलं, "बाई, साहेब भाड्यात धरलेत काय?"

रोह्याहून काही कळलं नाही. आणि मी वाट बघत होते, हे लपवत नाही. मृणालीच्या फोनची वाट बघत होते. ती रडेल, म्हणेल काकू तुमचं खरं होतं, मग मी काय म्हणायचं तेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं. पावसाळा गेला, गणपती गेले, शेडमधल्या मूर्ती ट्रकात भरून मुंबईला गेल्या. घटस्थापनेच्या सुमाराला फोन वाजला.

"काकू, गाडी तयार झाली! दसऱ्याला पूजेला या दोघं."

"कुठली गाडी?" मी विचारलं.

साहेब फोनपाशी उभे होते. त्यांनी ऐकलं आणि खुर्चीत बसले. दसऱ्याच्या दिवशी मात्र इस्त्रीचा सदरा घालून माझ्याआधी तयार. रोह्याची एसटी पकडली.

विशालच्या घरासमोर जीप उभी होती. लाल. पिकल्या टोमॅटोसारखी लाल, चकचकीत, पुढे झेंडूचा भलामोठा हार. साहेबांनी लांबून पाहिली आणि चालायचे थांबले. मग जवळ गेले आणि तिच्याभोवती फिरू लागले, प्रेताला घालतात तशी उलटी प्रदक्षिणा.

"हा बंपर?"

"गुणाजीने बनवला, काका. स्टेशनजवळ गॅरेज आहे त्याचं."

"आणि इंजिन?"

"डिझेलचं टाकलं. दुसऱ्या गाडीचं."

"मूळचं कुठाय?"

विशालने मान खाली घातली. "भंगारात दिलं. गुणाजी म्हणाला, ठेवून काय करणार."

गुणाजीही तिथेच होता, पूजेचा नारळ हातात घेऊन. पान खाल्लेलं, दात लाल. भोकं जुळली नाहीत तिथे त्याने सरळ वेल्डिंग मारलं होतं, आणि ते त्याला लपवायचं सुचलंही नव्हतं. पत्रा एके ठिकाणी हातोडीने ठोकून ठोकून बसवलेला, वर लाल रंगाचा थर. माझ्यासारख्या गाडीतलं काही न कळणाऱ्या बाईलाही दिसत होतं की हे काम नव्हे, उरकणं आहे.

आत गेले तेव्हा मृणाली पुऱ्या तळत होती. थोडी बारीक झाली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकू, दोन महिने मी नट धुतले. प्रत्येक रविवारी. नखांतलं काळं जाईना. हे एकेक पार्ट नुसता हातात धरून मला समजावून सांगायचे, याचं काय काम, त्याचं काय काम. एक दिवस म्हटलं, बास. एक तर ही गाडी गॅरेजला जाईल, नाहीतर मी माहेरी जाईन. मग नेली."

दोन महिने! मी मनात म्हणाले, पोरी, तुझी सोबत फार टिकली नाही. पण तोंडावर तसं म्हणता येईना, कारण गाडी दारात उभी होती. मी ठरवून ठेवलेलं सगळं भाषण पुरीबरोबर गिळलं.

पूजा झाली. विशाल म्हणाला, त्याला नागोठण्याला मित्राकडे सोनं द्यायला जायचंय, आम्हाला तिथपर्यंत जीपने सोडतो.

"मी एसटीने जाईन," साहेब म्हणाले. "ही ती गाडी नव्हे."

"मी जीपने जाते," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विरुद्ध पक्षाकडून साक्ष द्यायला उभी राहिले. मग छत्री उचलून स्टँडकडे चालू लागले.

रोह्यापासून नागोठण्यापर्यंतचा तो प्रवास मला जन्मभर पुरेल. सीट म्हणजे फळी. प्रत्येक खड्डा मणक्यात मोजला जात होता. धूर मागून निघायचा तो फिरून पुढे यायचा. अंबाडा सुटला, डोळ्यांत धूळ गेली, आणि आवाज असा की विशाल माझ्याशी हसून हसून काहीतरी बोलत होता त्यातला एक शब्द कळला नाही. मी मान डोलवत राहिले. आठ वर्षं मी हिच्यावर दात खाल्ले, भांडले, अबोला धरला, आणि पूर्ण झालेली ही वस्तू शेवटी एवढीच होती. सुटी होती तेव्हा निदान गप्प तरी होती.

नागोठण्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा पाय आपले वाटेनात. विशालने विचारलं, "कशी वाटली काकू?" मी म्हणाले, "छान." त्याचा चेहरा एवढा उजळलेला होता की दुसरं काही बोलणं शोभलं नसतं. तो गेला. मी बाकावर बसून केस बांधले आणि रोह्याहून येणाऱ्या एसटीची वाट पाहिली.

एसटी आली. साहेब खिडकीशी होते. बाजूच्या जागेवर त्यांनी छत्री आडवी ठेवली होती, एक बाई ती उचलायला सांगत होती आणि हे तिला हद्द, ताबा आणि हक्क समजावून देत होते. मला पाहून छत्री उचलली. मी बसले.

वडखळ येईपर्यंत ते बाहेर बघत राहिले. मग खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "गिअर टाकताना आवाज येतो?"

"सगळ्यातूनच येतो."

"ब्रेक?"

"लागतात. कुठे लागतील ते सांगता येत नाही."

त्यांची मान ताठ झाली. सकाळपासून पहिल्यांदा चेहऱ्यावर रंग आला. "मी तेच सांगत होतो," ते म्हणाले.

"काय सांगत होतात?"

"घाई केली की असं होतं."

मी इतकी हसले की कंडक्टर मागे वळून बघायला लागला. पुढच्या बाकावरच्या माणसाने काय झालं म्हणून विचारलं. मला सांगताच येईना. साहेब रागावले आणि पेण येईपर्यंत अंग चोरून खिडकीला चिकटून बसले. पण उतरताना माझी पिशवी त्यांनीच घेतली, कारण माझी कंबर धरली होती आणि ती लपवायला मला जमत नव्हतं.

स्टँडबाहेर झेंडूचे ढीग लागले होते. दाराला तोरण करायचं राहिलं होतं म्हणून मी फुलं मागितली. फुलवालीने ओंजळ भरता भरता साहेबांकडे बघितलं. "गाडीला हार पायजे काय, साहेब?"

"गाडी नाही आमच्याकडे," मी घाईने म्हणाले.

"सध्या नाही," ते म्हणाले.

मी फुलं पदरात घेतली आणि पुढे चालू लागले.